कपाटाची किल्ली

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत (आमच्या म्हणजे, आई गेल्यापासून बंद असलेला एक फ्लॅट) मे महिन्यात गच्चीवर पोरांसाठी सिनेमा लावायचं ठरलं होतं. २०१९चा 'अलादीन', विल स्मिथ निळा जिन झालाय तो. कमिटीत बसलेल्या माझ्या चुलतभावाने मोडता घातला. वेताळ पंचविशी असताना आपल्या पोरांना अरबांचे जिन कशाला? सिनेमा रद्द. घरच्या ग्रुपवर त्याला अंगठ्यांवर अंगठे.

मी इथे दुबईत नाश्त्याचा करक चहा तसाच ठेवून टाइप करायला बसले. दादा, तू ज्यांचं नाव उठताबसता घेतोस ते निबंधमालाकार विष्णुशास्त्री. त्यांच्या वडिलांनी, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी', म्हणजे अरेबियन नाइट्स, इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतल्या आणि राहिलेलं काम विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. पुणं काही बाटलं नाही. मुंबईत होमी वाडियांनी मीनाकुमारीला घेऊन १९५२ सालीच अलादीन काढला होता.

आणि अरबांचा म्हणजे तरी कितपत? जुन्या अरबी हस्तलिखितांत ही गोष्टच सापडत नाही. १७०९ साली पॅरिसमध्ये सीरियातल्या अलेप्पोच्या हन्ना दियाबने ती आंतोआन गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितली, त्याने फ्रेंचमध्ये छापली, आणि त्यातला अलादीन राहतो चीनमध्ये! सिनेमात वाळवंट जॉर्डनमधल्या वादी रमचं, स्टुडिओ इंग्लंडचा, आणि जास्मिन झालेल्या नाओमी स्कॉटची आई गुजराती वंशाची. याच गोष्टीच्या १९९२च्या कार्टूनमध्ये सुरुवातीच्या गाण्यात, अरबांच्या देशात कान कापतात अशी ओळ होती. अमेरिकेतल्या अरबांनी आवाज उठवल्यावर १९९३च्या व्हिडिओत ती बदलली. 'रानटी असलं तरी घर आहे' ही पुढची ओळ मात्र राहिली. त्यातला 'रानटी' जाऊन 'गोंधळाचं' यायला २०१९ उजाडलं. म्हणजे त्यांची तक्रार, हे आमचं नाहीच; तुझी तक्रार, हे फारच त्यांचं!

इथे दुबईत आम्ही तो २०१९चा सिनेमा पाहिला तेव्हा एका बाजूला फिलिपिनो कुटुंब होतं, दुसऱ्या बाजूला सुदानी, पुढची अख्खी रांग मल्याळी. सगळे हसत होते, संस्कृती कुणाचीच बुडाली नाही, हेही ठसक्यात लिहिलं. इथे भाडेकरूला कमिटीत घेतो कोण, आक्षेप मांडायचा कुणापुढे, हे नाही लिहिलं.

दादाचं एका ओळीत उत्तर: "तू तिकडचीच बाजू घेणार."

तिकडची! दर दोन वर्षांनी व्हिसासाठी रक्त तपासायला देऊन, छातीचा एक्स-रे काढून मी इथली राहते. संध्याकाळी अल कुसैसला घरी परतताना लेकीला सगळं भांडण सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, आपल्या ओळखीचं अरब कोण आहे?" बँकेतली लेबनीज बाई. दातांचा सीरियन डॉक्टर. सोळा वर्षांत कुणा अमिराती घरच्या मजलिसचा, म्हणजे बैठकीच्या खोलीचा, उंबरा मी ओलांडलेला नाही. कुणी बोलावलं नाही, आणि मीही कुणाला पोह्यांना बोलावलं नाही. अरबांबद्दल मला जे ठाऊक आहे, ते साताऱ्याच्या शाळेत बाकाखाली धरून वाचलेल्या चिपळूणकरांकडून.

ते पुस्तक लेकीला दाखवायचंय. नंतर घेतलेली प्रत त्या बंद फ्लॅटमधल्या कपाटात आहे. किल्ली दादाकडे.