त्या खिडकीचं काय बिघडलं होतं?

आज सकाळी फोन उघडला आणि पहिलाच व्हिडिओ, जुन्या घराचा कायापालट. आधी लाकडी जिना, हातभर जाड भिंती, कोरीव चौकट. नंतर सगळं पांढरंफटक, फॉल्स सीलिंग, सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या. खाली सगळे वा वा करतायत, काय मस्त मेकओव्हर. मेकओव्हर?? अहो पाडलंत तुम्ही ते घर, फक्त भिंती उभ्या ठेवून पाडलंत!

माझ्या आजोळी मधल्या खोलीत एक खिडकी होती. जुनी काच, मधेमधे बारीक बुडबुडे, आणि आपण मान जराशी हलवली की बाहेरचं झाड पाण्यात असल्यासारखं हलायचं. मी अख्खी दुपार तिथे बसून झाड हलवायचे. आताची सपाट फ्लोट ग्लासची पद्धत १९५९ मध्ये जगापुढे आली, त्याआधीच्या साध्या खिडक्यांच्या काचेला अशी लाट असायची. ती फुटली की गेलीच, दुकानात जाऊन तशी आणता येत नाही.

मामाने घर 'नवीन' केलं आणि ती खिडकी काढली. का, तर चौकटीचं खालचं लाकूड कुजलं होतं. किती? चार बोटं. चार बोटांसाठी अख्खी खिडकी भंगारात!

आणि हीच चौकट मी लहान असताना एका कोपऱ्यात कुजली होती. तेव्हा सुतारकाका आले, कुजकं तेवढं तिरकं कापलं, जुन्याच लाकडाचा तुकडा तासून सांध्यात बसवला, वरून रंग. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं बोट फिरवून सांधा शोधतोय आणि तो सापडत नाहीये.

भिंतींचं तर बोलूच नका. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, वीट भुसभुशीत होते, आणि मग तोच कंत्राटदार सांगतो की जुनं घर आहे, ओल येणारच. अरे तूच कोंडलीस ना ती!

बरं हे मी आज नवीन सांगतेय असंही नाही. विल्यम मॉरिस या इंग्रज कलावंत-लेखकाने १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या इमारती वाचवायला संस्था काढली ती याच संतापातून, गळकं छप्पर वेळच्या वेळी नीट करा, पण नवं करण्याच्या नावाखाली जुनं खरवडून काढू नका. जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस चार्टरमध्येही आहे, जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि आपण? खरी कोरीव चौकट उखडायची आणि 'जुना लूक' हवा म्हणून तिथेच फायबरची नक्षी चिकटवायची. मला हे बघवत नाही, खरंच बघवत नाही.

हो, राहणाऱ्याला धड बाथरूम लागतं, वायरिंग नवीन लागतं, म्हाताऱ्या माणसांना तो उभा जिना चढवत नाही. मान्य. पण बाथरूमसाठी खिडकी कशाला काढावी लागते?

मामावर मी तेव्हा खूप चिडले होते. आता नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की तेवढाच तुकडा बदलता येतो, सुतारकाका केव्हाच गेले होते, आणि आलेल्या माणसाने कॅटलॉग उघडून समोर ठेवला. राग त्या माणसाचा येतो. टिकाव घालायच्या आधी एकदा त्या काचेतून बाहेर बघायला किती वेळ लागला असता?

मागच्या खेपेला गेले तेव्हा सवयीने त्याच जागी बसले आणि मान हलवली. झाड जागच्या जागी. मामा मागे उभा होता, म्हणाला, "आता बाहेरचं कसं स्वच्छ दिसतं ना गं?"

हो म्हटलं.