एसबीएसमुळे लोक इंग्रजी शिकत नाहीत, हे खरं नाही

मेलबर्नच्या आमच्या मराठी ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय. एसबीएस ही ऑस्ट्रेलियाची बहुभाषिक रेडिओ-टीव्ही वाहिनी करदात्यांच्या पैशावर चालते, तिच्यामुळे बाहेरून आलेली माणसं इंग्रजी शिकत नाहीत आणि यूट्यूब असताना तिची गरजच नाही, असं त्यात म्हटलंय. आपलीच माणसं तो पुढे ढकलताहेत, म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट इंग्रजीची. ही सेवा सुरू झाली ती लोकांना इथल्या व्यवहारात आणण्यासाठी. 1975 साली मेडिबँक ही आरोग्यविमा योजना येत होती आणि ती इंग्रजी न कळणाऱ्या स्थलांतरितांना समजावून सांगायला सिडनी आणि मेलबर्नमध्ये रेडिओ केंद्रं निघाली. टीव्ही आला 24 ऑक्टोबर 1980 ला. तिथे परभाषेतल्या कार्यक्रमांखाली इंग्रजी सबटायटल्स असायची, म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यालाही ते बघता यायचे. हंगेरीतून निर्वासित म्हणून आलेले लेस मरे तिथे आधी सबटायटल्सचं काम करत होते. पुढे इंग्रजीतूनच बोलत ते इथल्या फुटबॉलचा चेहरा झाले.

माझ्या सासूबाईंचं सांगते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये त्या एसबीएसची हिंदी सेवा ऐकायच्या आणि नियम कागदावर उतरवून फ्रिजवर लावायच्या: ‘5 किमीच्या आत. व्यायाम 1 तास. रात्री 8 नंतर बाहेर नाही.’ नियम बदलला की जुना खोडून खाली नवा. आम्ही दोघं दिवसभर कॉलवर, त्यामुळे घरात नियम त्यांनाच पाठ. त्याच सासूबाई आता लायब्ररीतल्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला जातात, एकदाही न चुकवता.

यूट्यूबचं म्हणाल, तर काढे आणि वाफाऱ्याचे व्हिडिओ त्याच काळात घरोघरी फिरत होते. चुकीचं सांगितलं तर जाब कोणाला विचारणार? एसबीएसने तेव्हा 60 हून अधिक भाषांत माहिती दिली, आणि ती स्वतःच्या नावावर. 2021 च्या जनगणनेत इंग्रजी नीट किंवा अजिबात न येणारे साडेआठ लाखांहून जास्त लोक होते. त्यांनी काय करायचं?

पैसा सगळा सरकारचा नाही. कायद्याने तासाला 5 मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवायची मुभा आहे.

दोष काढायचाच, तर एक खरा आहे. 2022 मध्ये एसबीएसची वर्ल्डवॉच ही परभाषांतल्या बातम्यांची वाहिनी निघाली तेव्हा अरबी आणि मँडरिन बातमीपत्रं इथे बनवायला घेतली, पण बाकीच्या भाषांतली बरीचशी मायदेशच्या वाहिन्यांकडून जशीच्या तशी येतात. त्यात सासूबाईंना दिल्लीचं राजकारण कळतं, इथल्या वणव्याचा इशारा नाही. इंग्रजी सोडून घरात बोलल्या जाणाऱ्या पहिल्या पाच भाषांत इथे पंजाबी आहे. पंजाबीत आणि हिंदीत इथल्या बातम्या टीव्हीवर रोज हव्यात, ही मागणी मी एसबीएसला लिहून पाठवतेय. ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवा.