निळूभाऊंची नक्कल करणाऱ्यांनो, आधी त्यांचे सिनेमे बघा

आज एका शिक्षिकेच्या निवृत्तीच्या समारंभाला गेले होते. उभी हयात खडूची धूळ खाल्लेल्या बाई. त्यांना सत्कारासाठी स्टेजवर बोलावताना निवेदकाने काय करावं? मान तिरकी केली, घसा खरवडला आणि माईकमध्ये ओरडला, "बाईऽऽ, वाड्यावर या!" हॉल खदखदून हसला. बाईही हसल्या, पदर सावरत. न हसून करतात काय? मी घरी येईपर्यंत नुसती धुमसत होते. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

बाईंचा अपमान झाला हे माझ्या मित्रयादीतल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. मला बोलायचंय ते निळू फुल्यांबद्दल. एवढा मोठा नट, आणि आपण त्याचं काय शिल्लक ठेवलं? एक वाक्य. हळदीत, गॅदरिंगमध्ये, रीलमध्ये, जिथे बघावं तिथे तेच.

आणि तेही चुकीचं! निळूभाऊ ओरडायचे कुठे? माझी आत्या, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात राहिलेली, दुसऱ्याच्या रानात रोजंदारी केलेली बाई. दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागला की सगळं घर टीव्हीसमोर, पण निळू फुले पडद्यावर आले की ही उठून ओसरीवर जायची. तिथून विचारायची, "गेला का त्यो?" आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. मी एकदा विचारलं, एवढी कसली भीती, सिनेमाच आहे ना? तर म्हणाली, "आसंच बोलायचा आमचा मालक. हळू. वरडायचाच न्हाई कधी."

हे वाक्य कुठल्याही समीक्षकाने लिहिलेलं मी वाचलेलं नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला आवाज चढवावा लागत नाही, हे निळूभाऊंना पक्कं ठाऊक होतं. 'सामना' बघा. बघितला असेल तर परत बघा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील एका दारुड्या मास्तरला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपला सगळा कारभार कौतुकाने दाखवतो. किती गोड बोलतो तो! आणि समोर श्रीराम लागूंचा मास्तर एकच विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? दर वेळी तो प्रश्न आला की निळूभाऊंचा चेहरा बघा. हसू तसंच राहतं, डोळे तेवढे विझतात. आमचे नक्कलवाले हे करून दाखवतील? मान तिरकी करणं सोपं आहे हो.

बरं, हा माणूस आला कुठून? राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून. पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला माणूस. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नाव झालं, मग १९६८ मध्ये अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'मधला झेलेअण्णा आला आणि पुढे सगळ्या मराठी सिनेमाला आपला पाटील, सरपंच, चेअरमन मिळाला. 'सोंगाड्या'त ते आहेत, 'पिंजरा'त आहेत. आणि १९७२ मध्ये रंगमंचावर 'सखाराम बाइंडर'! सेन्सॉरने अडवलेलं, कोर्टात लढावं लागलेलं नाटक. तो सखाराम उभा करायला नुसता आवाज पुरत नाही, छाती लागते.

मान्य, त्यांनी पाट्या टाकल्यासारखे सिनेमेही ढिगाने केले. तोच फेटा, तोच वाडा, तीच बिचारी नायिका. असेनात.

कारण १९७९ चा 'सिंहासन' आहे. इथे आत्याची गोष्ट पूर्ण सांगायलाच हवी. 'सिंहासन' लागला होता आणि ती चक्क शेवटपर्यंत बसली. त्यातलं राजकारण तिला किती कळलं माहीत नाही, पण त्या पत्रकारावर, दिगू टिपणीसवर, तिची नजर खिळलेली. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री लागू, एकापेक्षा एक माणसं डाव टाकतायत आणि हा सगळं बघत, ऐकत फिरतोय. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो तेव्हा आत्या हळहळली, "कोण गं ह्यो बिचारा?" मी म्हटलं, निळू फुले. "चल, कायतरीच!" तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. ज्याला बघून ती उठून जायची, त्याच माणसासाठी ती हळहळली, आणि तो तोच आहे हे तिला ओळखूही आलं नाही. याच्यापुढे कुठला पुरस्कार सांगू?

हिंदीने त्यांना फार वापरलंच नाही. 'कुली'त वगैरे दिसतात. पण १९८४ चा 'सारांश' जरूर बघा. पोटच्या पोराला गमावलेल्या म्हाताऱ्या जोडप्याच्या मागे लागलेला गजानन चित्रे. पुन्हा तेच, आवाज खालचा, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा.

लिहिता लिहिता राग जरा निवला होता, पण आता हे आठवून परत चढला. ज्या माणसाला गावोगावच्या बायाबापड्या पडद्यावर बघून बोटं मोडायच्या, तो प्रत्यक्षात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होता. लागूंसोबत नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी कृतज्ञता निधी उभा करत होता. आपल्याच बळावर माजलेल्या पुरुषांना त्याने पडद्यावर नागडं केलं, बाईने सावध व्हावं म्हणून. आणि आपण त्याच्याच आवाजात एका शिक्षिकेची खिल्ली उडवतो? आत्या त्या हॉलमध्ये असती तर उठून बाहेर गेली असती, आणि या वेळी निळूभाऊंमुळे नाही.

कोणी म्हणेल, नक्कल म्हणजे प्रेमच की. असेल. मग थोडं प्रेम 'सामना'वर पण करा.

१३ जुलै २००९ ला ते गेले. नव्या पोरांनी त्यांना रीलमध्येच पाहिलंय, त्यात त्यांचा दोष नाही, दाखवायचं काम आपलं. माझ्या भाच्यांना मी रविवारी 'सिंहासन' दाखवणार आहे, मग 'सामना', आणि पाटीलपटांचं नाव नंतर. ज्यांनी 'सखाराम बाइंडर' निळूभाऊंचा प्रत्यक्ष पाहिलाय, त्यांनी खाली सविस्तर लिहा. कुठल्या थिएटरात, पहिल्या प्रवेशात ते कसे यायचे, प्रेक्षक काय करायचे, सगळं. मला ते बघायला मिळालं नाही, निदान वाचायला तरी मिळू दे.