कावीळ नाळेमुळे की दुर्लक्षामुळे?

‘नाळ उशिरा बांधली की कावीळ होते, म्हणून लगेच चिमटा लावा’ हा नवजात बाळांबद्दलच्या एका लेखातला सल्ला अर्धवट आहे. नाळ बांधायला थांबल्याने फोटोथेरपी (कावीळ उतरवायला खास निळ्या प्रकाशाखाली ठेवणं) लागणारी बाळं थोडी वाढतात, खरंय. पण १ ते ३ मिनिटांत नाळेतून जे जादा रक्त येतं, त्यातल्या लोहाचा साठा सहा महिन्यांपर्यंत कामी येतो. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे आईच्याच अंगात रक्त कमी. तिथे हे सोडून कसं चालेल? कोरडं करून, पाठ चोळूनही बाळ श्वास घेत नसेल तर मात्र लगेच नाळ कापून अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी).

कावीळ चढते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तेव्हा बाळ घरी बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत (तिथे पिवळं काय दिसणार!). रोज दाराशी उजेडात आणा, कपाळ, छाती, तळपाय बोटाने दाबून सोडा. तळपाय पिवळे किंवा पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला, तर थेट जिल्हा रुग्णालय. कोवळं ऊन म्हणजे फोटोथेरपी नव्हे. जळगावच्या मे महिन्यात तर बाळ सुकतं आणि कावीळ आणखी चढते. गुटी-पाणी नको, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा अंगावर पाजा. आई आरएच निगेटिव्ह (म्हणजे रक्तगट ‘निगेटिव्ह’) असेल तर बाळाचा रक्तगट आणि बिलिरुबिन (रक्तातला कावीळ आणणारा पिवळा घटक) तपासल्याशिवाय घरी सोडूच नये.