मास्क खाली ओढणाऱ्या कामगाराबद्दल

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बॅटरी कारखान्यांतल्या शिशाबद्दल लिहिताना मी सगळं खापर मालकांवर फोडलं, असं तुमचं म्हणणं. तुम्ही मास्क देता, प्रशिक्षण देता, रोज गूळही देता. तरी कामगार मास्क हनुवटीखाली ओढतो आणि हात न धुता तंबाखू मळतो, मग मालकाने करायचं तरी काय?

मास्क हनुवटीवर आलेला मीही नेहमी पाहतो. पण मे महिन्यात भट्टीसमोर पाळीभर उभं राहून बघा. घामाने मास्क चिकटतो, श्वास पुरत नाही, शेजारच्याला हाक मारायची तर तो खाली ओढावाच लागतो.

तंबाखूचं तुमचं म्हणणं खरंच आहे, हात धुतलेच पाहिजेत. पण १९१० साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन अमेरिकेत इलिनॉयमधल्या शिशाच्या कारखान्यांत फिरल्या, तेव्हाही मालक हेच सांगत होते: कामगार हात धूत नाहीत म्हणून आजारी पडतात. शिसं मुख्यतः श्वासातून आत जातं, हवेतल्या धुळीतून आणि धुरातून, हे त्यांनी दाखवून दिलं. हवा तशीच ठेवून नुसता साबण पुरवला तर माणूस स्वच्छ हातांनी आजारी पडेल. आणि गूळ देता ते आपुलकीनेच, पण रक्तातून हाडांत जाऊन वर्षानुवर्षं बसलेलं शिसं गुळाने निघत नाही.

प्रशिक्षण म्हणजे फार्स, असंही तुम्ही लिहिलंत. स्लाइड दाखवून सह्या घेतल्या तर फार्सच. मागे एका कारखान्यात मी पांढरा ओला रुमाल घेऊन एका कामगाराच्या डब्याच्या झाकणावरून फिरवला. राखाडी पट्टा उमटला. मग त्याच्या मोटरसायकलच्या हँडलवरून फिरवला, तिथेही तोच. तो बराच वेळ रुमालाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘घरी गेलो की पोरगी आधी गाडीवरच चढते.’ त्या दिवसापासून त्याने कंप्रेसरच्या हवेने कपडे झटकणं सोडलं. पण कपडे बदलायला वेगळी खोली आणि अंघोळीला पाणी त्याने कुठून आणायचं? ते मालकालाच करावं लागतं.

‘आम्ही कायदा पाळतो’ म्हणता, तर हेही बघा. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्यात १९८७च्या दुरुस्तीने हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम लिहिली. अमेरिकेने १९७८ मध्येच ती ०.०५ केली. शिवाय तिथल्या त्या नियमात रक्तात शिसं वाढलेल्या कामगाराला शिशाच्या कामावरून हलवतात आणि त्याचा पगार मात्र चालू ठेवतात. आपल्याकडे शिशामुळे पोटात कळा येणारा माणूस गप्प बसतो, कारण रिपोर्ट वाईट आला तर काम जाईल ही भीती. तुमचे कामगार रक्ततपासणी टाळतात, त्याचं उत्तर मला इथे दिसतं.

छोट्या कारखान्याला सगळं एकदम परवडत नाही, मान्य. मग उद्यापासून कोरडा झाडू बंद करा, ओल्या फडक्याने पुसून घ्या. जेवायची जागा कामाच्या शेडबाहेर हलवा. पुढचा खर्च भट्टीवरच्या हूडचा आणि धूर खेचणाऱ्या पंख्याचा करा, मास्कच्या नव्या खोक्यांचा नंतर. रक्ततपासणीआधी सगळ्यांसमोर सांगा की रिपोर्ट काहीही आला तरी पगार कापणार नाही.

बोलावलंत तर मी येईन, मानधन नको. फक्त त्या दिवशी भट्टी चालू असू द्या.