‘ब्लू बुक हातात आहे, म्हणजे मालकी सिद्ध’ हे खरं नाही

जुन्या ब्रिटिश लाकडी मोटर-सेलर (शिडं आणि इंजिन दोन्हींवर चालणाऱ्या) यॉटविषयी एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: बोटीचं नाव लॉइड्सच्या यॉट रजिस्टरमध्ये, म्हणजे यॉटच्या छापील यादीत शोधा, ब्लू बुकवर (बोटीच्या नोंदणीच्या दाखल्यावर) शेवटचा मालक पाहा आणि १९४० साली नौदलानं बोट घेतली असेल, तर ती सरकारजमा होऊन फ्रान्समधल्या डंकर्कला, तिथे अडकलेल्या सैनिकांना आणायला गेली असं धरा. झाला मालकीचा इतिहास पूर्ण! यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही.

आधी ब्लू बुक, कारण त्याच्या भरवशावर लोक पैसे मोजतात. हा नोंदणीचा दाखला. तो फक्त जहाज कायदेशीरपणे चालवण्यासाठी वापरायचा, असं १८९४ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टमध्येच म्हटलं होतं. हा मालकीहक्काचा दस्तऐवज नव्हे, मालकीतले सगळे बदल यात असतीलच असं नाही आणि गहाणाची अधिकृत नोंद तर यात नसतेच, ही सूचना दाखल्यावरच छापलेली असे. मालकी पाहायची ती नोंदणीच्या वहीत आणि तिथे चढवलेल्या खरेदीखतांत. तिथे जहाजाचे ६४ हिस्से असतात. दोघांकडे ३२-३२ हिस्से असतील आणि एकानं आपले विकले, तर घरच्यांच्या आठवणीत ‘बोट विकली’ एवढंच उरतं. वहीत मात्र अर्धी बोट न विकणाऱ्या दुसऱ्या मालकाच्या नावे तशीच असते. असे अर्धे मालक वंशावळीतून गळतात, याचं मला फार वाईट वाटतं. लाकडी बोट टिकते ती कुणीतरी वर्षानुवर्षं तिच्यावर खर्च केला म्हणून. १९८३ साली सुरू झालेल्या छोट्या जहाजांच्या रजिस्टरमधली नोंदही मालकीचा पुरावा नाही.

नावावरून शोध? नाव बदलतं. नोंदणीच्या वेळी मिळालेला अधिकृत क्रमांक मात्र नाव, बंदर, मालक बदलले तरी तोच राहतो आणि मुख्य तुळईवर कोरलेला असतो. टायटॅनिकवरचे अधिकारी चार्ल्स लाइटोलर यांची ‘सनडाउनर’ घ्या. ती १९१२ साली नौदलाची वाफेवरची पिनेस (लहान बोट) म्हणून बांधली गेली. लाइटोलरांनी ती १९२९ साली घेऊन तिची मोटर यॉट केली. नुसत्या ‘सनडाउनर’ नावानं शोधणाऱ्याला पहिली सतरा वर्षं सापडणारच नाहीत.

लॉइड्सचं यॉट रजिस्टर १८७८ ते १९८० या काळात निघालं. बांधणारा, आराखडा काढणारा, इंजिन, जुनी नावं यांसाठी ते अमूल्य आहे. पण ते सरकारी दप्तर नव्हे, आणि दुसऱ्या महायुद्धात ते निघतच नव्हतं. म्हणजे सर्वांत गोंधळाच्या वर्षांतच तिथे खंड पडतो.

उरली डंकर्कची गोष्ट. १४ मे १९४० रोजी बीबीसीवरून ३० ते १०० फूट लांबीच्या स्वयंचलित खासगी बोटींचा तपशील १४ दिवसांत कळवायला सांगितलं होतं. डंकर्कची मोहीम सुरू झाली २६ मेला. तपशील कळवला म्हणजे बोट तिकडे गेली, असं होत नाही. नौदलानं काही बोटी विकत घेतल्या, काही नुसत्या वापरापुरत्या; दुसऱ्या प्रकारात मालक बदलतच नाही. गेलेल्या अनेक बोटींवर मालक नव्हे, नौदलाची माणसं होती. लाइटोलर स्वतः गेले, मुलाला आणि एका सी स्काउटला (दर्यावर्दी बालवीराला) घेऊन.

तेव्हा तुळईवरचा क्रमांक उतरवून घ्या. नोंदणी बंद झाली असेल, तर त्या वह्यांच्या नकला लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी ११० या मालिकेत पाहा.