कापडी पिशवी, 7,100 वेळा आणि बाबांची पँट

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या आणि मावसभावंडांच्या. मजकूर साधारण असा: डेन्मार्क सरकारच्या अभ्यासानुसार कापडी पिशवी 7,100 वेळा वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी. सेंद्रिय कापसाची असेल तर 20,000 वेळा. 7,100 म्हणजे रोज बाजारात गेलात तरी 19 वर्षं! कागदी पिशवीसाठी झाडं तुटतात, प्लास्टिक मात्र रिसायकल होतं, आणि बंदीने फक्त गरिबांच्या नोकऱ्या घालवल्या. शेवटी जोडलेले हात.

खोटं आहे म्हणून सोडून देता येत नाही, हीच पंचाईत. आकडा खरा आहे.

2018 मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यासाठी तिथल्या तांत्रिक विद्यापीठाने हा हिशोब केला. पिशवी तयार होण्यापासून तिची विल्हेवाट लागेपर्यंत हवामान, पाणी, ओझोन थर अशा अनेक रकान्यांत किती नुकसान होतं ते मोजलं. मग प्रत्येक रकान्यात प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायला कापडी पिशवी किती वेळा वापरावी लागेल ते काढलं. 7,100 हा त्यातला सगळ्यात मोठा आकडा आणि तो आला एकट्या ओझोनच्या रकान्यातून. त्याच अहवालात फक्त हवामानबदलाचा विचार केला तर साध्या कापसाच्या पिशवीचा आकडा आहे 52. आठवड्याच्या बाजाराला एकदा नेली तर एक वर्ष. हे 52 फॉरवर्ड करताना कुठे गळले कोण जाणे.

आणि ते 20,000? त्यात एक गंमत आहे. पिशवीत ठरावीक लिटर सामान मावलं पाहिजे अशी अट होती. सेंद्रिय कापसाची नमुन्याची पिशवी त्या मापाला जराशी कमी पडली, म्हणून हिशोबात एकीच्या जागी दोन धरल्या. आपल्याकडे अशा वेळी मेथीची जुडी काखेत धरतात.

तुलना कशाशी होती तेही बघायला हवं. तिकडची पिशवी म्हणजे सुपरमार्केटमध्ये पैसे मोजून घ्यायची जाड पिशवी. ती शेवटी घरच्या कचऱ्याच्या डब्यात लागते आणि कचऱ्यासकट भट्टीत जळून वीज आणि घरं तापवायला उष्णता देते. उघड्यावर पडलेल्या पिशवीचं काय होतं हे त्या अहवालाने मोजलेलंच नाही. डेन्मार्कपुरतं ते चालून जात असेल.

इथे तोच तर मुद्दा आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसाला कुठलंच शहर पुरं पडलं नसतं, सगळा दोष पिशव्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण गटारं आणि नाले तुंबवण्यात त्यांचा हात होता, आणि त्यानंतरच 2006 मध्ये राज्याने 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. ढाक्यातली गटारं तुंबल्यामुळे बांगलादेशाने तर 2002 मध्येच पातळ पॉलिथिनवर बंदी आणली होती. गायीच्या पोटात गेलेली पिशवी पचत नाही, पुढेही सरकत नाही, साठत जाते. यातलं काहीही ओझोनच्या रकान्यात बसत नाही.

'प्लास्टिक रिसायकल होतं.' होतं की, बाटली होते, बादली होते. कोथिंबिरीची पिशवी होत नाही, याचं कारण वजन. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर भाजीवाल्याच्या दहा पिशव्या ठेवल्या, 22 ग्रॅम भरल्या. म्हणजे एक किलो व्हायला साडेचारशेच्या वर पिशव्या वेचायच्या, त्याही चिखल आणि सडका पाला लागलेल्या. किलोवर पैसे मिळणारी कचरावेचक बाई त्यासाठी का वाकेल? खरं तर 31 डिसेंबर 2022 पासून देशभर 120 मायक्रॉनच्या आतली पिशवी चालत नाही. आमच्या कोथिंबिरीवाल्यापर्यंत ही बातमी पोचलेली दिसत नाही.

कागदाबद्दल मेसेजशी भांडण नाही. दुकानातली नवी कागदी पिशवी एकदा वापरून टाकली तर तीही उधळपट्टीच.

नोकऱ्यांचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. 2018 ची राज्यातली बंदी 23 मार्चला निघाली आणि 23 जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्याच वेळेला 5,000 रुपये. हातगाडीवाल्याची कित्येक दिवसांची कमाई एका पावतीत. छोटे कारखानदार आणि त्यांच्याकडची माणसं अडचणीत आली, हे खरंच. तीन महिन्यांत धंदा बदलायला सांगणं अन्यायाचं होतं. पण त्यातून बंदी राबवण्याची रीत चुकली एवढंच सिद्ध होतं, पिशवी स्वस्त होती असं नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी नालेसफाईची कंत्राटं निघतात, त्यांचे पैसे आपल्याच करातून जातात. 'फुकट' पिशवीचं बिल असं वळसा घालून घरी येतं.

मेसेज एका जागी बरोबर बोट ठेवतो, आणि ते आपल्याला आवडत नाही. कापूस सोवळा नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या कापसाची नवीकोरी पिशवी चारदा वापरून कपाटात कोंबायची आणि स्वतःला पर्यावरणप्रेमी म्हणवायचं, हे ढोंग आहे. मी ते करते. माझ्या कपाटात चौदा पिशव्या निघाल्या: परिसंवादाच्या, साडीच्या दुकानाच्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला 'इको-फ्रेंडली वाण' म्हणून मिळालेल्या सहा. त्या सहातल्या चार तर कापडीही नाहीत. नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे प्लास्टिकच. कडेचा एक तुकडा कापून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते. माझा तुकडा आक्रसला, वितळला आणि त्याचा टणक काळा मणी झाला.

त्या अहवालाचा हिशोब कापूस खास पिशवीसाठी पिकवला असं धरून सुरू होतो. आपल्या घरांत पिशवीचा जन्म कापडाच्या म्हातारपणी व्हायचा. बाबा 2004 ला निवृत्त झाले तेव्हा आईने त्यांच्या ऑफिसच्या पँटीची पिशवी शिवली. टेरीकॉटची आहे, म्हणजे तिच्यातही प्लास्टिक आहेच, ते मान्य. पण ते कापड तोवर दहा वर्षं ऑफिसला जाऊन आलेलं होतं. मागचा खिसा तिने तसाच ठेवलाय, त्यात सुटे पैसे आणि यादी. आठवड्यातून दोनदा मंडई धरली तर वीस वर्षांत दोन हजारांच्या वर फेऱ्या झाल्या. बंद एकदा बदललेत. मी तिला 7,100 चा मेसेज वाचून दाखवला. तिने विचारलं, "मग अजून किती राहिल्या?"